उघाडीवरची बाई

पनवेलमध्ये माझ्याबद्दल एक बोलवा आहे की हा माणूस थापा मारतो. बोलवा खरी आहे. पण थाप आणि खोटं यांत लोकांनी फरक करायला हवा. सत्य मुळात अंगाने किरकोळ असतं; मी त्याला दोन घास जास्त वाढतो, इतकंच. कर्नाळ्याच्या पायथ्याशी मला एकदा घुबडाने वाट विचारली होती असं मी सांगतो, तेव्हा घुबड खरं असतं, कर्नाळा खरा असतो, आणि वाट तर आजही तिथेच आहे. आता यात खोटं किती उरलं ते तुम्हीच बघा.

अशा माणसाने जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. माझ्या वर्गात दोनच प्रकारचे श्रोते असत. दुसऱ्या कुठल्याच विषयाला जागा न मिळालेली मुलं, आणि पावसाळ्यात आडोशाला येणारा एक कुत्रा. कुत्रा पहिल्या बाकाखाली बसे आणि कान टवकारून ऐके. तो पदवीधर झाला असता, पण हजेरी फक्त पावसाळ्यातली.

बुद्धिवाद हा माझा लाडका धडा. माणसाला जे कळतं ते कुठून कळतं, असा त्यातला सवाल. अनुभववादी म्हणतात, माणूस कोरी पाटी घेऊन येतो. डोळे, कान, नाक, कातडी जे लिहितील ते ज्ञान. बुद्धिवादी म्हणतात, जरा थांबा. काही कल्पना माणूस येतानाच घेऊन येतो, आणि बुद्धी त्या विचाराने उजेडात आणते. दोन आणि दोन चार हे पटायला कोणी जगातल्या सगळ्या जोड्या तपासत फिरत नाही. एवढं सांगून झालं की मी मुलांकडे बघायचो आणि मुलं पंख्याकडे. मग मी माझं हुकमी मीठ काढायचो. मी मिठागरावरचा माणूस, आगरी. मीठ मला कुठेही सापडतं.

"खाडीचं पाणी ओंजळीत घ्या," मी म्हणायचो. "मीठ दिसतं का? नाही दिसत. तेच पाणी वाफ्यात सोडा, ऊन खाऊ द्या. काही दिवसांनी बघा, डोळे दिपतील इतकं पांढरं. ते मीठ उन्हाने आणलं का? उन्हाने फक्त पाणी नेलं. मीठ आधीपासून आत होतंच. उपजत कल्पना म्हणजे ते मीठ आणि अनुभव म्हणजे ऊन."

"सर, परीक्षेत मीठ लिहिलं तर चालेल?" मागून कोणीतरी विचारायचं.

"चवीपुरतं," मी म्हणायचो.

त्याच धड्यात कल्पनांचे तीन प्रकार येतात. काही बाहेरून येतात; विंचू चावला की विंचू कळतो. काही आपण रचतो. म्हशीला मनातल्या मनात पंख लावले की उडणारी म्हैस तयार. आणि तिसऱ्या त्या उपजत. दुसऱ्या प्रकारापाशी आलो की माझी कॉलर ताठ व्हायची. कारण तिथे मी माझा स्वतःचा माल दाखवायचो. उघाडीवरची बाई. अख्ख्या पनवेल-उरणच्या पट्ट्यात म्हातारी माणसं शपथेवर सांगतात की त्यांनी तिला पाहिलंय, आणि ती मी रचलेली आहे, वयाच्या दहाव्या वर्षी, मिठाच्या राशीच्या सावलीत बसून. लोक आयुष्यात घर बांधतात. मी भूत बांधलं, आणि ते घरांपेक्षा जास्त टिकलं.

आमचं गाव खाडीच्या काठावर होतं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारी भातशेती, मध्ये मातीचा बांध. त्या बांधात एक लाकडी दार असायचं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं; भरतीला खाडीचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. दाराला ना कडी ना राखणदार. सगळ्या गावाचं पोट त्या एका फळीवर.

माझी बाई त्या उघाडीवर उभी असायची. ओहोटीच्या वेळी, भर दुपारी. पाठमोरी. खाडी तळापर्यंत उघडी पडलेली, चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, फिरतायत, कुठे घोटाभर पाणी नाही, आणि ही मात्र गुडघ्यापर्यंत भिजलेली. तुमची चाहूल लागली की मान न वळवता विचारायची, "पानी आलं का?" हो म्हणालात तर बघायला म्हणून तुम्हाला सोबत न्यायची. नाही म्हणालात तर तुमच्या अंगणात येऊन वाट बघत बसायची. सुटका एकाच उत्तराने होती: "येल गं, तू घरी जा." एवढं म्हणायचं आणि मागे न बघता चालू पडायचं.

एका वेळेला ही गोष्ट सांगायचा माझा दर होता उकडलेल्या चिंबोरीची एक नांगी. मोठी नांगी असेल तर मी बाईला खोकायलाही लावायचो. एकदा एका पोराने शंका काढली, "भुताला घर कुठलं? जाईल कुठं ती?" मला उत्तर सुचलं नाही. पण ते वाक्य बदलावं असंही वाटलं नाही. बाकी सगळं मी रोज बदलायचो. ते वाक्य कधीच नाही.

हौसेने मी ती गोष्ट घरीही सांगितली. आई चुलीपाशी मासे तळत होती. मी बाईला उभी केली, भिजवली, प्रश्न विचारायला लावला. आई उठली आणि मागच्या दाराने निघून गेली. तव्यावरचे मासे करपून कोळसा झाले. मी काय समजलो असेन? मी समजलो, काय ताकद आहे माझ्या जिभेत. सख्खी आई घाबरून पळाली. त्या दिवशी मी उपाशी झोपलो, पण छाती एवढी फुगली होती की कुशीवर वळता येईना.

घरात मी, आई आणि माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी बहीण. वडील नव्हते. माझ्या जन्माआधी एका उधाणाला बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड; ती मातीने बुजवायला चार माणसं उतरली, त्यांतले एक वडील. पाण्याने नेले. मिळाले नाहीत. आई तेव्हा पोटुशी, माहेरी कर्नाळ्याकडे होती. मला एवढंच सांगितलं होतं, आणि यापुढे कोणी तोंड उघडत नसे. आमच्याकडे तशी रीतच होती. बाप पाण्यात गेल्यावर जन्मलेल्या पोरासमोर त्या पाण्याचं नाव काढायचं नाही. काढलं तर पोराच्या पायाला पाणी लागतं, ते त्याला हाक मारत राहतं. अख्खा गाव माझ्यासमोर ओठ मिटून होता. मला वाटायचं, काही सांगण्यासारखं नाहीच म्हणून सांगत नाहीत.

पुढे मी शिकलो, पनवेलला आलो, खांदा कॉलनीत राहिलो. आई गेली. बहिणीला गावातल्या गावातच दिली होती. ती उभा जन्म बांधापासून हाकेच्या अंतरावर राहिली. कधी यात्रेला गेली नाही, पुण्याच्या लेकीकडे बाळंतपणालाही राहिली नाही. लोक म्हणायचे, हिचा पाय निघत नाही गावातून. मीही म्हणायचो.

मग विमानतळ आला. डोंगर फोडून खाडीत ओतला, गावं उठली. आमचंही उठलं. नव्या जागेत प्लॉट मिळाले, आणि ज्यांच्या आज्याने उन्हात मीठ ओढलं त्यांच्या नातवांनी तीन-तीन मजली बंगले बांधले. माझा भाचा बिल्डर लोकांना खडी-रेती पुरवतो. त्याच्या बंगल्याच्या गेटवर सिमेंटचे दोन सिंह आहेत, आणि त्यांच्या जबड्यात दिवे आहेत. रात्री ते सिंह विडी पीत बसल्यासारखे दिसतात.

गावातून निघताना देवही निघाले. गावदेवी, वेताळ, म्हसोबा, बांधावरचा शेंदूर फासलेला दगड, सगळे बँड लावून, फुलं उधळून टेम्पोतून नव्या देवळात आले. वेताळाच्या टेम्पोपुढे मी स्वतः इतका नाचलो की वेताळाला माझी काळजी वाटली. कोणी मागे राहिलं असेल असं त्या दिवशी कुणाच्याच मनात आलं नाही.

गेल्या थंडीत भाच्याचा फोन आला.

"मामा, आई जेवत नाय."

"म्हणजे नेमकं काय?"

"चहा घेते. बिस्कीट अर्धं. भाकरीला हात लावत नाय. डाक्टर बोलला सगले रिपोर्ट क्लीन हायेत, पन असंच चाललं तर होलीपर्यंत नाय काढायची." मग म्हणाला, "ती बोलते, लादीखाली कोनतरी हाय. तुमी या. तुमची ती फिलॉसॉफी घेऊन या. भगत आनला, प्लंबर आनला, आता तुमीच रायलात."

भगत आणि प्लंबरच्या पंक्तीला आपण बसलो याचं मला वाईट वाटलं नाही. तिघांचं काम एकच, आवाज कुठून येतो ते शोधणं. मी दुपारीच गेलो.

ताय, म्हणजे माझी बहीण, स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. त्या स्वयंपाकघरात विमान मावेल, पण ती एका कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन. तिच्यासमोर चार लाद्या वेगळ्या रंगाच्या होत्या. प्लंबरने पाइप गळतो का बघायला जुन्या उखडल्या, पाइप कोरडा निघाला, आणि तशा लाद्या पुन्हा बाजारात मिळाल्या नाहीत. पांढऱ्या जमिनीत तो राखाडी चौकोन बुजवलेल्या विहिरीसारखा दिसत होता. ताय इतकी वाळली होती की बांगड्या कोपरापर्यंत गेल्या असत्या.

"आला? बस," ती म्हणाली. "तुला बोलावलं काय माज्याशी भांडाया?"

"भांडायला कशाला? भाकरी खायला आलोय."

"मग खा. सून घालंल."

तायपाशी बसलं की माझी जीभ आपोआप गावची होते. "ताय, कोन बोलतं तुज्याशी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला म्हायती हाय कोन."

मी लादीवर टिचकी मारली. पोकळ वाजली. सगळ्याच लाद्या पोकळ वाजतात. सगळा भराव आहे. इथे खाली कधी काळी खाडीचाच एक फाटा होता.

"वाहाटी लागली का बोलते," ताय म्हणाली. वाहाटी म्हणजे ओहोटी. "दुपारची. भांडी घासताना पयल्यांदा ऐकलं. 'पानी आलं का?' सगले देव आनले तुमी. नाचत आनले. तिला कोनी आनली? ती तिथंच रायली. मंग आली आपली आपून, खालून."

मी मनातल्या मनात हात चोळले. बुद्धीचा असा सोपा विजय मला जन्मात मिळाला नव्हता. जगातल्या बाकी कुठल्याही भुताबद्दल मी वाद घातला असता आणि हरलो असतो. भूत नसतं हे कोणी सिद्ध करायचं? पण हे भूत तर माझ्या कारखान्यातलं. मी पुढे सरकलो, दाराशी उभ्या भाच्याला आणि सुनेलाही ऐकू जावं अशा बेताने घसा साफ केला.

"ताय, ऐक. ती बाई नाय. कधीच नव्हती. ती मी बनवलेली हाय. धा वर्षांचा होतो. मिठाच्या राशीखाली बसून पोरांना सांगायचो, चिंबोरीच्या नांगीसाठी. वल्ले पाय माजे, प्रश्न माजा, उत्तरपन माजं. आईची आन."

मला वाटलं, ती रडेल, निदान हसेल. तिने पदर सारखा केला.

"उत्तर काय होतं?"

"'येल गं, तू घरी जा.'"

"ह्ये तुला कोनी सांगितलं?"

"कोनी नाय. मीच रचलं."

"भुताला घरी जा सांगितलंस. भुताला घर असतं?"

तोच प्रश्न, लहानपणी त्या पोराने काढलेला. 

"मी बोलायची ते," ताय म्हणाली. "रोज."

मग तिने सांगितलं, लादीकडे बघत, भांड्यांची यादी सांगावी तशा आवाजात. आई माहेरी नव्हतीच. वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आई उघाडीवर जाऊन उभी राहायची. खाडीत गेलेला माणूस भरतीबरोबर परत येतो असं आमच्याकडे धरून चालतात. म्हणून ओहोटी लागली की ही पाण्याच्या दाराशी जाऊन पुढची भरती मागायची. चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेली, पोट पुढे आलेलं. बांधावरून जाईल त्याला विचारायची, पानी आलं का. लोक वाट सोडून शेतातून जायला लागले. आठ वर्षांच्या तायला तिला आणायला पाठवायचे. आई हलायची नाही. म्हणायची, मी गेले आणि तो आला तर?

"मंग मी बोलायची, येल गं, तू घरी जा. मी थांबते हितं. मी बघते. तवा जायची." तिने लादीच्या सांध्यावरून बोट फिरवलं. "तू जलमलास आनि ती परत कवा गेली नाय. एक शबुद नाय काढला. मी पन ते बोलनं परत कवा तोंडात घेतलं नाय. मंग धा वर्षांनी तू चुलीपाशी उभा रावून बोललास. तेच. तसंच."

इतकी वर्षं मी मुलांना सांगत होतो, काही कल्पना माणूस येताना घेऊन येतो. मुलं विचारायची, सर, म्हणजे नक्की कुठून? मी म्हणायचो, ते परीक्षेला नाही. आता मी भाच्याच्या स्वयंपाकघरात बसून हिशेब लावत होतो. ही कल्पना मी रचलेली नाही, हे तर ठरलं. बाहेरून आली म्हणावं तर मी तेव्हा बाहेर नव्हतो. उपजत म्हणावं तर ती शंभर टक्के अनुभवाची, चिखलाची, भिजलेल्या पायांची. फक्त पाय माझे नव्हते. दोन्ही पक्षांचे थोर लोक बंगल्याच्या गेटवर येऊन उभे राहिले असते, तरी त्या सिंहांनी कोणालाच आत सोडलं नसतं.

बुद्धी शेवटी बुद्धी आहे, ती गप्प बसत नाही. मी म्हणालो, "ताय, झोपेत बोलली असशील तू. किंवा आई. मी ऐकलं असंन."

"बोलली असंन," ती लगेच म्हणाली.

तिने इतक्या सहज मान्य केलं की मला त्याचा काही उपयोग उरला नाही.

"मग आता जेवत का नायस?" मी विचारलं. मला वाटलं होतं, भीती. ती भीत नव्हती.

"मी बोलली होती मी थांबते. थांबली. सगली वर्सं थांबली, कुठं नाय गेली. ते तुमाला काय ठावं. आता उठवलं तर उठली. ती इचारते पानी आलं का, तर काय सांगू? येल? कुठून येल? डोंगर वतलाय वर. लबाडी करून घास उतरत नाय बाला माज्या गल्यातून. तुला उतरतो."

शेवटचं ती टोमणा म्हणून बोलली नाही. तिला तसं ठाऊक होतं, इतकंच.

वरून विमान गेलं. फळीवरचे ग्लास एकमेकांना लागून किणकिणले. सुनेने ते हाताने धरले, तिच्या हाताला सवय झालेली दिसली.

मला एकदम सुचलं. थाप नाही, खरी गोष्ट. खाडीकाठच्या कुठल्याही माणसाला भरतीची वेळ सांगायला पाणी बघावं लागत नाही. तिथी घ्यायची, तिला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. घरात बसून, डोळे मिटून सांगता येतं. चंद्राचं गणित आहे ते. ते खाडी आहे का नाही असं विचारत नाही.

"ताय, आज कंची तिथी?"

"आष्टमी."

"भरती कवा?"

"सा वाजता." सहाला, म्हणजे. तिने विचारही केला नाही.

"मामा, मोबाइलवर पावनेसा दाखवतंय," भाचा दारातून म्हणाला.

"मोबाइल पुण्याच्या माणसाने बनवलाय, त्याला पाण्याशी काय घेणं," मी म्हणालो. "ताय, उघाडी गेली म्हणून भरती ऱ्हायली का? सहाला करंजा बंदरात बोटी वर उचलल्या जातील. खाडीच्या तोंडातून पानी आत सरकंल, जिथपर्यंत वाट हाय तिथपर्यंत येल. भरावाला लागून थांबंल, पण येल. दोन आणि दोन चार जितकं खरं तितकं हे खरं. तिने इचारलं तर सांग, सहाला. ही लबाडी नाय."

 तायचे ओठ हलत होते. ती तिथ्या गुणून बघत असावी, एकेक. मग मान हलवली. पटलं होतं. सुनेने आवाज न करता तांदळाची भाकरी आणि सुकट ताटात वाढून तिच्यापुढे सरकवली. तायने भाकरीचा तुकडा मोडला, आणि हातातच धरला.

"पानी येल," ती म्हणाली. "आनि तो?"

मी भिंतीकडे बघितलं. चार जणांतला एक माणूस, रात्रीच्या उधाणात खांदाभर चिखल घेऊन खांडीत उतरलेला. त्याला कुठल्या तिथीला कशाने गुणायचं?

"ते गनितात नाय बसत, ताय."

"म्हायती हाय." तिने तुकडा ताटात ठेवला. "मंग खोटं सांग. तुला येतं."

जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे थाप मागितली, नांगी पुढे न करता. मी मांडी बदलली आणि सुरू केलं.

म्हणालो, तो आला. परवाच्या विमानाने आला. खिडकीची जागा मागून घेतली, वरून उघाडी दिसते का बघायला. हवाईसुंदरीने विचारलं, काका, चहा का कॉफी, तर म्हणाला, मीठ घालून पेज असंल तर दे. ताय म्हणाली, "पेज नाय, त्याला अंबिल आवडायची," आणि तुकडा पुन्हा उचलला. मी म्हणालो, बरं, अंबिल. विमान उतरलं. पोलीस म्हणाला, डोक्याचं फडकं काढा. याने काढून पिळलं, तर एवढं पाणी निघालं की सामानाच्या पट्ट्यावर लोकांच्या बॅगा पोहायला लागल्या. दोन बॅगा थेट मोरा बंदराला लागल्या. भाचा हसला. ताय चावत होती.

पोलीस म्हणाला, हातात काय? याने दोन्ही हातांत छातीशी चिखलाचा गोळा धरलेला, इतकी वर्षं. म्हणाला, खांड बुजवायची हाय. कुठं हाय? पोलीस पोरगा आपल्यातलाच, गावातून उठलेल्या घरचा. त्याने खाली बघितलं. म्हणाला, काका, बुजली. सगलीच बुजली. तुमी ठेवा आता.

तायने दुसरा तुकडा मोडला. सुकट लावली. सून भिंतीला टेकली होती.

मग त्याने तो गोळा त्या चकचकीत फरशीवर ठेवला, मी म्हणालो. हात मोकळे झाले. एवढ्या वर्षांनी मोकळ्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना. म्हणून त्याने डावा हात डोक्यावरून पलीकडे नेला, आणि उजवा कान चोळला.

तायचा घास तोंडाशी थांबला.

"ह्ये कोनी सांगितलं तुला?"

"काय?"

"कान."

वडिलांचा फोटो नाही. कधीच काढला नव्हता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ताय माझ्या तोंडाकडे नाही, डोक्याकडे बघत होती. माझा डावा हात डोक्यावरून पलीकडे गेलेला होता आणि बोटांत उजवा कान होता. तो तिथे कधी गेला, मला माहीत नव्हतं.

"कोनी नाय," मी म्हणालो.

तिने मान डोलावली, जणू एवढंच ऐकायचं होतं. मग तिने भाकरी संपवली, सगळी, ताट बोटाने पुसून घेतलं. हात धुऊन आली आणि त्या राखाडी चौकोनावर वाकून, अंगणातल्या माणसाशी बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "सा वाजता येल गं. तो आलाय. तू घरी जा."

मी उठलो. ती मला सोडायला गेटपर्यंत आली, सिंहाच्या पाठीवर हात टेकून उभी राहिली.

"उद्या नवमी," ती म्हणाली. "पावनेसात."

रिक्षात बसलो. ड्रायव्हरने विचारलं, काका, कुठे, आणि मी एरवी त्याला नाक्यापर्यंत पुरेल एवढी एक थाप दिली असती. नुसतं खांदा कॉलनी म्हणालो. घर येईपर्यंत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो.